गड्ड्याच्या दिवसांत पाहुण्यांना सोलापूरबाहेर का नेताय?

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लेक जर्मनीत नोकरीला, जावई तिथलेच. लग्न तिकडे नोंदणी पद्धतीने झालं आणि व्हिसाच्या घोळात बाईंना आणि त्यांच्या यजमानांना जाता आलं नाही. आता लेक-जावयांसोबत व्याही-विहीण येत आहेत, तेही पहिल्यांदाच भारतात. 5 जानेवारीला मुंबईत उतरतील, 21 दिवस राहतील. बँकेतून निवृत्त झालेल्या यजमानांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला आहे: मुंबई, दिल्ली, आग्रा, जयपूर, उदयपूर, अमृतसर, वाराणसी, केरळ, गोवा आणि शेवटचे दोन दिवस सोलापूर. संक्रांतीच्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या गड्ड्याच्या (सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या) दिवसांत, पाहुण्यांना मुद्दाम राजस्थानात ठेवलं आहे, कारण ‘गड्ड्याच्या गर्दीत त्यांना कुठे घेऊन फिरणार’. बाई लिहितात, ‘यादीतलं काय गाळावं तेच कळत नाही. एवढा मोठा देश, एवढ्या लांबून आलेली माणसं, काही राहून गेलं तर आयुष्यभर बोल लागेल. सोलापुरात दाखवण्यासारखं काय आहे? माझे गुडघे दुखतात, पण सोबत जायला तर हवंच.’ शेवटी जाता जाता एक ओळ: व्याही रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत आणि तळघरात खेळण्यातल्या रेल्वेचं अख्खं स्टेशन मांडून बसतात, तर विहीणबाईंनी घरात हातमाग ठेवला आहे.

ताई,

यजमानांचा तक्ता तुम्ही पत्राला जोडला होता, तो मी नीट पाहिला. विमानाच्या वेळा, हॉटेलात शिरायच्या वेळा, टॅक्सीचं किलोमीटरमागे भाडं, सगळं रकान्यात. बँकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचा हिशेब आहे, त्यात बेरजेची चूक सापडायची नाही. फक्त एक रकाना त्यात नाही: हे कोणाला बघायचंय?

दहा ठिकाणं आणि 21 दिवस. एका गावातलं सामान आवरून दुसऱ्या गावात ते उघडेपर्यंत दिवस जातो, हे आपल्याला यात्रा कंपन्यांच्या सहलींवरून माहीत आहे. म्हणजे नऊ दिवस प्रवासातच गेले. उरलेल्या बारा दिवसांत दहा गावं. आता आकार बघा. महाराष्ट्र साधारण 3 लाख 8 हजार चौरस किलोमीटर, जर्मनी साधारण 3 लाख 57 हजार. व्याह्यांचा देश आपल्या राज्यापेक्षा जरासाच मोठा आहे आणि भारत 32 लाख 87 हजार. तुम्ही त्यांना तीन आठवड्यांत नऊ जर्मनी दाखवायला निघाला आहात. तेसुद्धा अशा माणसांना, जी आयुष्यात पहिल्यांदा या हवेत, या जेवणात आणि या आवाजात येणार आहेत.

‘काही राहून गेलं तर बोल लागेल’, असं तुम्ही लिहिलंय. कोण लावणार बोल? व्याह्यांनी तर तुमच्या लेकीमार्फत ‘तुम्ही न्याल तिकडे येऊ’ एवढंच कळवलंय. बोल लावतील ते आपलेच: ‘काय हो, जर्मनीहून माणसं आली आणि ताजमहाल नाही दाखवलात?’ असं विचारणारे शेजारी आणि नणंदा. तेव्हा ही यादी पाहुण्यांसाठी केली की शेजाऱ्यांसाठी, हे दोघांनी बसून एकदा ठरवा. मी हे टोचून म्हणत नाही. आपल्याकडे पाहुण्याला पंगतीत ‘पुरे’ म्हटल्यावर आणखी एक वाढायची रीत आहे, तीच आपण प्रवासाच्या यादीलाही लावतो.

‘तुम्ही न्याल तिकडे येऊ’ हे सभ्य माणसाचं उत्तर आहे. आपणही कुणाकडे गेलो की ‘काहीही चालेल’ म्हणतो आणि मनात चहाची वाट बघत बसतो. त्यामुळे त्यांना ‘काय बघायचंय?’ असं पुन्हा विचारू नका, पुन्हा तेच उत्तर येईल. लेकीला व्हिडिओ कॉलवर बसवा आणि वेगळे प्रश्न विचारा. सुट्टीला गेलात की सकाळी किती वाजता बाहेर पडता? आतापर्यंतच्या कुठल्या सहलीत सगळ्यात कंटाळा आला होता आणि कशामुळे? भारताचं नाव काढलं की लहानपणापासून कुठलं चित्र डोळ्यासमोर येतं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘ताजमहाल’ आलं तर आग्र्याला जायचं, विषय संपला. ‘वाफेचं इंजिन’ किंवा ‘मागावर बसलेली बाई’ असं काही आलं तर तक्ता नव्याने मांडायचा. माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो, आणि तो तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेल्या ओळीवरून आहे.

एवढ्या मोठ्या देशात फिरायचं तर ‘सगळं थोडं थोडं’ यापेक्षा ‘एकच आवड धरून जाऊ तिकडे’ हे फार सोपं जातं. काय गाळायचं हा प्रश्नच मग उरत नाही, आवडच ते ठरवते. आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. चीनहून येणारी माणसं सोलापुरात कशाला येतात? भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक बघायला. 1910 साली इथे जन्मलेला डॉक्टर 1942 साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेला, म्हणून ती येतात. ‘सोलापुरात बघण्यासारखं काय आहे’ हे त्यांना विचारावं लागत नाही, येतानाच ते घेऊन आलेले असतात. तुमचे व्याहीसुद्धा घेऊन येताहेत: एकाची रेल्वे, दुसरीचा माग. आणि ताई, या दोन्ही गोष्टींसाठी सोलापूर ही सुरुवात करायची जागा आहे. दोन दिवसांत उरकायची नव्हे.

आधी रेल्वे. पाहुणे मुंबईला उतरले की लगेच दिल्लीचं विमान धरू नका. एक दिवस विश्रांती. मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत बाहेरून आणि आतून निवांत बघू द्या, 2004 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथूनच वंदे भारतने सोलापूर. सध्या ती दुपारी निघते, त्यामुळे कर्जत ते लोणावळा हा बोरघाट उजेडात येतो. जावयांना सांगा, वडिलांना खिडकी द्या आणि हे कानावर घाला: घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. बाकीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात आणि ती गाडीला वर ढकलत नेतात, वंदे भारत मात्र स्वतःच्या ताकदीवर चढते. आणखी एक गंमत आहे. सोलापूरला रेल्वे 1860 साली आली, पण घाटातली लाईन उघडली 1863 साली. मधली तीन वर्षं माणसं खंडाळ्याला गाडीतून उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर पायी घाट उतरायची आणि खाली दुसरी गाडी धरायची. रेल्वेच्या माणसाला हे सांगितलंत की पुढचे चार तास तुम्हाला बोलायचा विषय शोधावा लागणार नाही. भाषेची अडचणही अशा वेळी निम्मी होते. बोटाने दाखवता येतं.

मग बार्शी लाईट रेल्वे. आपल्याला तिची सवय असल्यामुळे किंमत नाही, पण जगभरातले छोट्या रेल्वेचे वेडे लोक हे नाव ओळखतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची ही लाईन सुरू केली. 1906 साली ती पंढरपूरला पोचली, मग लातूर, मग 1927 साली मिरज. रूळ अरुंद आणि हलके असले तरी वजन प्रत्येक आसावर सारखं वाटलं तर जड माल नेता येतो, हे त्याने या माळरानावर करून दाखवलं. आता सगळं ब्रॉडगेज झालंय, तेव्हा ‘छोटी गाडी’ बघायला मिळणार नाही हे आधीच सांगून टाका. पण कुर्डुवाडीवरून त्याच मार्गाने पंढरपूरला गाडीत बसून जाता येतं. शिवाय पूर्वी वारकरी याच गाडीने खचाखच भरून जायचे, हे सांगायला घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत असेल तर फारच छान. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना बाहेरच्यांना दाखवत नाहीत. बघायचाच असेल तर रेल्वेकडे आत्ताच लेखी अर्ज करा, परवानगी मिळेलच असं धरून चालू नका आणि पाहुण्यांना आधी कबूल करू नका.

आता विहीणबाई. त्यांना शोरूममध्ये नेऊन चादरींचे ढीग दाखवणार असाल तर तसं करू नका. 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर त्यांना कपाटात नको, मागावर दाखवा. पूर्व भागात ओळखीच्या कुणाचा तरी यंत्रमाग कारखाना असेलच. मालकाला आधी विचारा, गिऱ्हाइकांच्या वेळेत जाऊ नका, कानात घालायला कापूस न्या. आत शिरलं की आवाज अंगावर येतो आणि पहिली पाच मिनिटं काही सुचत नाही. मग नजर वर जाते. मागाच्या डोक्यावर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठ्याने पुढे सरकत असते. छिद्र असेल तिथली सुई आत शिरते आणि तिचा धागा वर उचलला जातो, छिद्र नसेल तिथला धागा खालीच राहतो. मधून धोटा सटकन जातो. पुन्हा पुढचा पुठ्ठा. चादरीवरचा मोर असा ‘हो’ आणि ‘नाही’मध्ये लिहिलेला असतो. विहीणबाई बघत राहतीलच, पण सिग्नल खात्यातल्या व्याह्यांकडेही लक्ष ठेवा. हा रूळ मोकळा असेल तरच तो सिग्नल पडेल, नाहीतर नाही, या ‘हो-नाही’वर त्यांची सगळी नोकरी झाली आहे. कारखान्यातून बाहेर यायला तेच जास्त वेळ लावतील असं मला वाटतं. (काही ठिकाणी आता पुठ्ठे जाऊन तेच काम करणारे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेत. जुने माग कुणाकडे आहेत ते आधी विचारून घ्या.)

तिथे काम करणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, एवढं लेकीला बजावा. बरीच कुटुंबं घरात तेलुगू बोलणारी पद्मशाली समाजातली, पिढ्यान्‌पिढ्या विणणारी. पाहुण्यांनी मजुरी किती मिळते असं विचारलं तर खरं ते सांगा. विणणारी बाई हा प्रश्न विचारणारच आणि तिला गुळमुळीत उत्तर नको असतं.

आणि हो, गड्डा. ताई, इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. ज्या आठवड्यात आपल्या गावासारखं गाव देशात दुसरं नसतं, नेमक्या त्याच आठवड्यात तुम्ही पाहुण्यांना जयपूरच्या हॉटेलात नेऊन ठेवताय. मे महिन्यात 43 अंशांत आले असते तर मीच म्हटलं असतं, पळा त्यांना घेऊन. पण जानेवारीत? सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या), ते पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, 68 लिंगांना घातलेला फेरा, होम मैदानावरचं दारूकाम. आणि मुख्य म्हणजे सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा लग्नविधी आणि चहूकडून अक्षता टाकणारे अख्खे सोलापूरकर. तुमच्या लेकीचं लग्न तिकडे कचेरीत सह्या करून झालं, व्याह्यांनी अक्षता कधी बघितल्याच नाहीत. त्यांच्या हातावर मूठभर तांदूळ ठेवा आणि कधी टाकायचे ते सांगा. लग्नाला जाता आलं नाही याची रुखरुख तुमच्या पत्रात दोनदा आली आहे, ती थोडी इथे निघून जाईल.

गर्दीचं तुमचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मधोमध उभं राहायचं नाही. कुणाच्या तरी गच्चीवर किंवा दुकानाच्या माळ्यावर आधी सांगून जागा धरा, रस्ते बंद व्हायच्या आत पोचा, परत यायची घाई ठेवू नका. मिरवणुकीच्या वाटा आणि वेळा दरवर्षी छापून येतात, त्या बघून घ्या. दारूकाम लांबूनही दिसतं. तुमच्या गुडघ्यांनाही गच्चीवरची खुर्ची बरी.

सोलापुरातले बाकीचे दिवस मोकळे असू द्या. जर्मनीशी हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, पहिले तीन-चार दिवस ते रात्री उशिरापर्यंत जागे राहतील आणि सकाळी लवकर उठवणार नाही. एका सकाळी मंगळवेढ्याकडे कुणाच्या शेतात हुरडा. जानेवारी त्याचाच महिना. एक दिवस नळदुर्ग: नर-मादी धबधबे जानेवारीत वाहत नसतात, पण बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला पाणीमहाल आहे. वरून पुराचं पाणी जात असताना आत माणसं कोरडी बसायची, हे इंजिनियरला पटवायला धबधबा लागत नाही.

संक्रांतीचं सगळं आटोपलं की दक्षिणेकडे निघा. होटगीवरून विजापूर, बागलकोट, बदामी, गदग अशी जी लाईन जाते, ती तुमच्या कामाची. विजापूर सोलापूरपासून 100 किलोमीटरच्या आसपास. गोलघुमटात दार उघडल्या उघडल्या शिरा. जानेवारी हा शाळांच्या सहलींचा महिना आहे आणि एकदा पोरं आत आली की कुजबुज ऐकू येणाऱ्या त्या सज्जात नुसत्या शिट्ट्या आणि आरोळ्या. 1656 साली पुरा झालेला, बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट, आणि आत आधाराला एक खांब नाही. हेही व्याह्यांच्याच खात्यातलं.

पण त्या भागात मला स्वतःला ओढ आहे ती इरकलची. कर्नाटकात त्या गावाला इळकल म्हणतात आणि आपल्या आज्या जे इरकली लुगडं नेसायच्या ते तिथलं. त्याचा पदर तांबडा, रेशमी आणि अंग बहुतेक वेळा सुती. आता विणणारी बाई पहिलं हेच विचारेल की दोन वेगळे ताणे (मागावरचे उभे धागे) एका साडीत आले कसे? तर पदराच्या ताण्याचा एकेक धागा अंगाच्या ताण्याच्या एकेका धाग्यात कडी घालून अडकवतात. हातांनी, फाशात फासा. त्याला कोंडी म्हणतात. हे काम बघताना डोळे दुखतात, इतकं ते बारीक असतं. पूर्वापार पद्धतीत प्रत्येक साडीसाठी हा ताणा वेगळा जोडावा लागतो. जवळच गुळेदगुड्ड, जिथून आपल्या ओटीचे खण येतात. विहीणबाईंना तिथे सोडा आणि संध्याकाळी न्यायला या. मुक्काम बदामीला करा. बदामीच्या लेण्यांसोबत पट्टदकल आणि ऐहोळेही त्याच परिसरात आहेत. मागाचा कंटाळा आलेल्यांनी तिकडे जावं. तिथून पुढे हंपी. हंपीला दोन रात्री तरी राहा, एक दिवसात ते होत नाही.

त्यानंतरचा शेवट मी व्याह्यांसाठी राखून ठेवला असता: निलगिरीची गाडी. कोइमतूरजवळच्या मेट्टुपाळ्यमपासून उटीपर्यंत 46 किलोमीटर. चढ 12 फुटांना 1 फूट. आता बोरघाटाचे 37 आठवा. नुसत्या चाकांनी हा चढ चढता येत नाही, म्हणून कल्लार ते कुन्नूर रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी टाकली आहे आणि इंजिनाचं दातेरी चक्र त्यात अडकत अडकत गाडी वर जाते. या टप्प्यात इंजिन वाफेचं आणि ते पुढे नसतं, मागून ढकलतं. 1908 साली ही लाईन उटीला पोचली, 2005 साली जागतिक वारसा यादीत गेली. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस असतो आणि दरडी कोसळून गाडी वरचेवर बंद पडते, तेव्हा जानेवारी हा योग्य काळ आहे. सीट अरुंद, तास चार-पाच, तेव्हा तुमच्या गुडघ्यांसाठी ही गाडी मुळीच नाही.

तुम्ही जाऊच नका असं मी म्हणेन. लेक-जावई सोबत आहेत. हंपीहून तुम्ही दोघं परत या आणि त्या चौघांना पुढे जाऊ द्या. 21 दिवस चोवीस तास सोबत राहून सख्ख्या बहिणींचं पटत नाही, तुम्ही तर एकमेकांना पहिल्यांदा भेटताय आणि मधे दुभाषी म्हणून एकटी लेक. तिलाही दोन दिवस भाषांतरातून सुट्टी हवी असेल. सोबत न जाणं म्हणजे पाहुणचारात कसूर, ही आपली समजूत आहे. तिकडच्या माणसांना मोकळा दिवस मिळणं हाच पाहुणचार वाटायची शक्यता जास्त.

राहिला ताजमहाल. तो वगळा असं मी सांगणार नाही. पहिल्यांदा भारतात येणाऱ्याला तो बघावासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ‘गर्दीची जागा म्हणजे हलकी’ असं मानणाऱ्यांतली मी नाही. पण जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, गाड्या आणि विमानं तासन्‌तास उशिरा धावतात, आणि भल्या सकाळी आग्र्याला पोचून समोर नुसता पांढरा पडदा दिसला असंही होतं. तुमच्या तारखांना आणखी एक अडचण आहे. 26 जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात संचलनाच्या तालमींमुळे दिल्लीच्या विमानतळावरची उड्डाणं सकाळी काही वेळ बंद ठेवतात, शहरातले रस्ते अडवतात. विहीणबाईंच्या मनात लहानपणापासून ताज असेल तर कोइमतूरहून दिल्लीला विमानाने जा, आग्र्याला दोन रात्री ठेवा म्हणजे एक सकाळ धुक्यात गेली तरी दुसरी हाताशी राहते, आणि शुक्रवारी ताज बंद असतो हे विसरू नका. त्यासाठी हंपीच्या आधीचा एखादा मुक्काम सोडावा लागेल. नसेल मनात, तर बेंगळुरूहूनच परतीचं विमान धरू द्या. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर मुंबईला उतरून दुसऱ्याच शहरातून निघायचं तिकीट मिळतं, उलट मुंबईला यायचा हेलपाटा वाचतो. राजस्थान, वाराणसी, केरळ पुढच्या खेपेला. लेक तिकडे आहे तोवर पुढची खेप होणारच.

यजमानांना वाईट वाटेल, मला कल्पना आहे. एवढा तक्ता केलाय. त्यांना सांगा, तक्ता टाकायचा नाही, रकाने बदलायचे आहेत. शिवाय नव्या बेतात त्यांना काम भरपूर आहे. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, आणि निलगिरीच्या गाडीची मोजकी तिकिटं लगेच संपतात. त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरसमोर बसायला त्यांच्यासारखाच माणूस हवा.

पैशाचं पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण तक्त्यात एकूण खर्चाच्या आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या मला दिसल्या. सगळा खर्च आपणच करायचा असं गृहीत धरू नका. लेकीला आधीच मोकळेपणाने विचारू द्या. बहुतेक तेच म्हणतील की आमचं आम्ही देतो, आणि तसं म्हटलं तर ‘छे छे’ करत बसू नका. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी परदेशी नागरिकांना आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त तिकीट असतं. ते त्यांना आधी सांगून ठेवा आणि खिडकीवर ‘हे आमचे व्याही आहेत’ म्हणून हुज्जत घालू नका. काही उपयोग होत नाही.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. येणाऱ्याची आवड पक्ष्यांची असेल तर सोलापुरातून नान्नज जवळ आहे. माळढोक दिसेल अशी आशा लावू नका, तो आता फारच दुर्मीळ झालाय. काळवीट दिसतील, थंडीत माळावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी घिरट्या घालताना दिसतील, नशीब असेल तर लांडगा. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी, आणि उत्तरेत जायचंच असेल तर भरतपूर. दगडमातीची आवड असणाऱ्याला लोणार: काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं विवर जगात फार क्वचित बघायला मिळतं. आकाशाचं वेड असेल तर जयपूरला महाल राहू द्या, जंतरमंतरवर दोन तास घालवा. गाण्याचे कान असतील तर डिसेंबरच्या मध्यापासून चेन्नईत महिनाभर सभांमधून सकाळ-संध्याकाळ कर्नाटक संगीत चालू असतं. कापडवाल्यांना सोलापूरऐवजी गुजरातेतून शिरायचं असेल तर पाटणचा पटोला. तिथे ताणा आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवतात आणि मागावर दोन्हींची नक्षी एकमेकांवर तंतोतंत बसवतात. त्याच गावात राणीची वाव (पायऱ्यांची विहीर) आहे, शंभराच्या नव्या नोटेवरची. आवड कुठलीही असो, त्या आवडीचा एक तरी माणूस त्या गावात आधी गाठून ठेवा. विणकर, स्टेशनातला जुना कर्मचारी, पक्षी बघणारा मास्तर, कुणीही. गाईडपेक्षा असा माणूस दहापट सांगतो, आणि त्याचा वेळ घेतलात तर मोबदला विचारून द्या.

शेवटी दोन कामं, दोन्ही तुमच्याकडची. परदेशी पाहुणे घरी मुक्कामाला राहिले तर ते आल्यापासून 24 तासांच्या आत त्यांची ऑनलाइन नोंद करावी लागते (पूर्वी तिला ‘सी फॉर्म’ म्हणायचे). तो नियम फक्त हॉटेलांना आहे असं पुष्कळांना वाटतं, पण घरमालकालाही तो लागू आहे. पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्यांना डिसेंबरातच भेटून या, म्हणजे त्या दिवशी पळापळ नको. आणि व्हिडिओ कॉल कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: दोघांपैकी कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का? तिकडे ती काही लोकांना असते, आणि आपल्या घरात चटणी, पोळी, आमटी, भाजी, शेंगांवाचून काय होतं? असेल तर सकाळच्या न्याहारीपासून हुरड्यासोबतच्या चटणीपर्यंत सगळं नव्याने ठरवावं लागेल, आणि भांडीसुद्धा वेगळी काढावी लागतील.